साबणाचा वास

आमच्या दूधपेढीत तिला सगळे नाकताई म्हणायचे. डॉक्टर, सिस्टर, झाडूवाल्या, बाळंतिणी, सगळेच. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राहिलं. नाक तसं काही नाव घेण्यासारखं नव्हतं. चांगलं चपटं होतं, चष्मा सारखा घसरायचा त्यावरून. पण त्या नाकावर आमचा आमच्या यंत्रांपेक्षा जास्त भरवसा होता. तिने बाटली नापास केली की डॉक्टरही वाद घालायचे नाहीत.

दूधपेढी म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काही बाळं वेळेच्या फार आधी येतात. काचेच्या पेटीत असतात, नाकात नळी असते, आणि नळीतून थेंब थेंब दूध जातं. ज्यांच्या आईला दूध नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या आया दूध देतात. ते तपासायचं, तापवायचं, गोठवायचं आणि लागेल तसं द्यायचं, हे पेढीचं काम. शिवाय ज्या आया घरून स्वतःच्या बाळासाठी दूध काढून आणतात, तेही आमच्याच फ्रीजरमध्ये ठेवायचं. लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत पडद्यांमागे खुर्च्या आणि पंप. आतल्या खोलीत स्टीलचं टेबल, तापवायची टाकी, फ्रीजर आणि कोपऱ्यात मोरी. समोर माझी लॅब. दुधात जंतू आहेत का ते मी बघायची, आणि दुपारचा डबा आम्ही दोघी माझ्या टेबलावर खायचो. लॅबमध्ये डबा खायला मनाई आहे, हे मला माहीत आहे. कुणाला सांगायचं त्याला सांगा.

नाकताई आधी डेअरीत होती. गावोगावचे कॅन उतरवून घेतात त्या ओट्यावर. झाकण उचलायचं, क्षणभर नाक आत घालायचं, "घे" किंवा "परत" म्हणायचं आणि पुढच्या कॅनकडे वळायचं. कॅनची रांग आणि मागे भांडायला उभे असलेले दूधवाले. आंबूस वास म्हणजे शिळं, गोठ्याचा वास म्हणजे धार नीट काढली नाही, आणि साबणाचा वास म्हणजे कॅन सोड्याने धुऊन नीट खंगाळला नाही किंवा मुद्दाम सोडा घातला. डेअरी बंद पडली तेव्हा ती आमच्याकडे आली आणि तीच सवय घेऊन आली. हुंगायचं असं पेढीच्या नियमात कुठेच नव्हतं. पण वितळलेली प्रत्येक बाटली ती उघडायची, तोंडावरचा मास्क खाली ओढायची आणि हुंगायची. "दूध खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," असं तिचं एक वाक्य होतं. ते मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ती तोंड उघडायच्या आत मीच म्हणून टाकायची.

बाळंतिणींशी मात्र तिचं फार जमायचं. मोठ्या डॉक्टरांनी एकदा आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं होतं की आईच्या दुधात एक वेगळी साखर असते, भरपूर असते, आणि गंमत म्हणजे ती बाळाला पचतच नाही. ती असते बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंसाठी. ती खाऊन ते वाढतात, आतड्यात पसरतात आणि वाईट जंतूंना जागा देत नाहीत. तिचं नाव ऑलिगोसॅकराइड. नाकताईने ते नाव दोनदा म्हणून बघितलं, जिभेला गाठ बसल्यावर सोडून दिलं आणि तिला "भाडेकरूंची साखर" म्हणायला लागली.

"हे बघ," पंप लावून कंटाळलेल्या एखाद्या पोरीला ती सांगायची, "बाळाचं पोट म्हणजे नवं घर. रिकामं ठेवलंस तर चोर शिरतील. म्हणून आधी चांगले भाडेकरू बसवायचे. आणि त्यांचं जेवण तुझ्याकडे."

"म्हणजे मी पाजतेय कुणाला, बाळाला का भाडेकरूंना?"

"दोघांना. राखणदार उपाशी ठेवून घर राखलं जातं का कुठे?"

पोरी हसायच्या. हसल्या की दूध बरं उतरतं, हे तिला ठाऊक होतं.

अशा दिवसांत ती कँटीनवाली आली. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. बाळ एवढंसं, बापाच्या तळहातावर मावेल असं. आईला राहायला आमच्याकडे जागा नव्हती, आणि कँटीनच्या मालकाने तिला लवकरच कामावर बोलावून घेतलं. नाही म्हटलं असतं तर काम गेलं असतं. ती दिवसातून एकदा यायची, पडद्यामागे बसून दूध काढायची, आणि घरी काढून शेजारणीच्या फ्रीजमध्ये गोठवलेल्या बाटल्या ओल्या टॉवेलात, बर्फात गुंडाळून आणायची. बोटं चिरलेली, नखांच्या कडा पांढऱ्या. हाताला साबणाचा वास तर असा, की ती दारात उभी असली तरी आत कळायचा.

पहिल्याच बाटलीला नाकताईने मास्क खाली केला आणि तिचा चेहरा बदलला. मला हाक मारली. मीही हुंगलं. साबण. शंका घ्यायला जागा नाही असा साबण.

"बाटल्या कशाने धुतेस गं?"

"साबणाने. मग गरम पाणी."

"किती पाण्यांतून काढतेस?"

"तीन."

"चौथं घाल. दुधाला साबण लागतोय."

पुढच्या बाटल्यांनाही तोच वास. मग तिने पाच पाण्यांतून काढल्या. वास तसाच. त्यानंतर ती म्हणाली की साबण लावायचाच बंद केलाय, नुसत्या उकळते. तरीही वास आला, आणि तिथे नाकताईचं डोकं फिरलं. कारण इथे, आमच्यासमोर काढलेल्या ताज्या दुधाला काहीच वास नव्हता. मग घरच्याच दुधाला का? आमच्या दृष्टीने तर उत्तर सरळ होतं. माझ्या तपासणीत जंतू निघाले नव्हते, पण साबणात जंतू कुठून निघणार?

"दिवसभर साबणात हात घालून असतेस आणि म्हणतेस साबण लावलाच नाही?" नाकताई सगळ्या पडद्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "अगं, या बाळाचं आतडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं आहे. त्यात साबण गेला तर काय होईल, कळतंय का तुला?"

कँटीनवालीची सासू दारातच उभी होती. तिने शब्द न् शब्द ऐकला.

बाटल्या मोरीत रिकाम्या झाल्या. नेमकं त्या आठवड्यात पेढीत दुसऱ्या आयांचं दूध जेमतेम होतं, ते त्याहून लहान बाळांना जात होतं. म्हणून या बाळाला आईचं समोर काढलेलं थोडं आणि बाकी पावडरचं असं सुरू झालं. आणि समोर काढलेलंही कमी होत गेलं. धास्तीने दूध आटतं, हे काही नवीन नाही. पंप लावून ती बसायची, नजर बाटलीच्या तळाकडे, आणि नाकताई पडद्याआड आली की ती बाटली दोन्ही हातांनी झाकून घ्यायची.

मग एके सकाळी बाळाचं पोट फुगलं. कातडी चकचकीत, निळसर. आतड्याचा हा आजार वेळेआधीच्या बाळांना होतो आणि फार घाई करतो. डॉक्टरांनी दूध बंद केलं, औषधं दिली, शस्त्रक्रियेचा विचार केला, पण बाळात तेवढं बळच नव्हतं. बाळ गेलं.

व्हरांड्यात सासू मोठ्याने म्हणाली, "साबण पाजून मारलं गं माझ्या नातवाला." नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो आईला गप्प बस म्हणाला नाही. कँटीनवाली कुणाकडेच न बघता म्हणत होती, "मी धुतल्या होत्या हो. मी धुतल्या होत्या." नाकताई तिच्याजवळ गेली, तिला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला आणि मायेने म्हणाली, "होतं असं. पुढच्या वेळी जप हो."

नाकताई मनाने वाईट नव्हती, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. ती नाकासमोर चालणारी बाई होती. त्या दिवशी आम्ही डबा उघडलाच नाही. पण ती म्हणाली ते शब्द त्या पोरीच्या गळ्यात धोंड्यासारखे पडले, आणि पुढे नऊ-दहा वर्षं ती ते घेऊन चालली.

नाकताईची लेक बाळंत झाली ती नाकताईच्या नोकरीची शेवटची वर्षं चालू असताना. नात चांगली गुटगुटीत, वेळेवर आलेली. नातीचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले. लेक शेजारच्याच गल्लीत राहायची. तिला कामावर लवकर परतायचं होतं, म्हणून ती दूध काढून फ्रीजरमध्ये ठेवायला लागली, आणि बाटल्या धुण्याचं काम आजीने स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या कुणावर ती कशाला विश्वास ठेवेल?

नातीने बाटली तोंडात घेतली आणि ढकलली. पुन्हा दिली, पुन्हा ढकलली. नाकताईने झाकण काढून हुंगलं.

नंतर तिने मला सांगितलं की आधी तिला लेकीचाच राग आला. मग आठवलं की बाटल्या तर आपणच धुतल्यात. तिने नव्या बाटल्या आणल्या, साबणाला शिवू दिल्या नाहीत, उकळल्या, लेकीला समोर बसवून दूध काढायला लावलं. ताज्या दुधाला वास नव्हता. ते गोठवलं, काही दिवसांनी वितळवलं आणि हुंगलं.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये आली ती डबा न घेता. पिशवीतून बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. "हुंग."

मी हुंगलं. "साबण. कुणी धुतली ही?"

"मी," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

मला कळायला एक क्षण लागला. मग आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर एकच बाई उभी राहिली, चिरलेल्या बोटांची.

बाळांच्या विभागात तेव्हा एक नवी डॉक्टरीण आली होती. हुशार, घाईची, चांगली पोरगी. ती पेढीत आली तेव्हा विचारलं, तर ती फाइलमधून मान वर न करता म्हणाली, "हो, असतं काहींचं तसं. दुधातली चरबी फोडणारं एक द्रव्य असतं, काही जणींच्यात ते जास्त असतं. गोठवलं तरी त्याचं काम हळूहळू चालूच राहतं. मग वितळल्यावर साबणासारखा वास येतो. दूध खराब नसतं. बाळाने घेतलं नाही तर गोठवायच्या आधी जरा गरम करून घ्यायचं, बस."

"बस?" नाकताईने विचारलं.

"बस."

"आणि त्यातली साखर? भाडेकरूंची?"

डॉक्टरणीने आता मान वर केली. "ऑलिगोसॅकराइड? त्यांना काही होत नाही. गोठवा, तापवा, बहुतेक तशीच राहतात. का हो?"

नाकताई पंपाच्या खुर्चीवर बसली. "एका बाळाला असं दूध दिलं नाही मी. मोरीत ओतलं. त्याला पावडर दिली. पोट फुगून गेलं ते."

डॉक्टरणीने फाइल मिटली, शेजारी स्टूल ओढून बसली. "मावशी, त्याने गेलं असं कुणीच सांगू शकणार नाही. हा आजार आईच्या दुधावरच्या बाळांनाही होतो. कमी होतो, पण होतो."

तिने हे धीर द्यायला सांगितलं. नाकताईने त्यातला फक्त "कमी" उचलला.

त्या दिवसापासून तिने हुंगणं सोडलं. बाटली उघडायची, मास्क तोंडावर तसाच. पेढीत येणाऱ्या प्रत्येक आईला ती आधी सांगायची, वितळल्यावर साबणाचा वास आला तर घाबरू नकोस, तुझी चूक नाही. भाडेकरूंचा विनोद मात्र बंद झाला. एखादी जुनी बाळंतीण दुसऱ्या खेपेला आली आणि "ताई, ते भाडेकरूंचं सांगा ना" म्हणाली, तर ही म्हणायची, "सिस्टर सांगतील," आणि आत निघून जायची. एकदा मी आत गेले तर ती मोरीसमोर नुसतीच उभी होती. नळ बंद, हात कोरडे.

मग एका दुपारी ती म्हणाली, "मला तिला भेटायचंय."

मी सरळ विरोध केला. "कशाला खपली काढतेस? इतक्या वर्षांत विसरली असेल ती."

"पोर गेलेली बाई विसरते का?"

"मग आठवण कशाला करून द्यायची?"

"अगं, ती खोटं आठवतेय," नाकताई म्हणाली. "मी सांगितलेलं."

मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर गेले. एकटीला पाठवायचा मला धीर झाला नाही.

कारखाना सापडला, कँटीनही सापडलं, आणि ती तिथेच होती. जेवणाची वेळ नुकतीच आटोपली होती. मागच्या अंगणात सिमेंटचे लांब हौद, एका टोकाला खरकटं, मध्ये साबण, दुसऱ्या टोकाला खंगाळायचं पाणी. ती अगदी शेवटच्या नळाला उभी होती. आम्ही कुणाला भेटायचंय ते सांगितल्यावर साबणाच्या हौदावरची बाई हसून म्हणाली, "म्हणजे आमची चौथं पाणी का? आम्ही तीनदा काढतो, ही आणखी तीनदा काढते. भांडी झिजवून टाकली तिने कँटीनची."

कँटीनवालीने नाकताईला लगेच ओळखलं. हातातला पेला खाली ठेवला, आणि तिने पहिलं काय केलं असेल, तर दोन्ही हात पदराला पुसून मागे लपवले.

नाकताईने आडवळण घेतलं नाही. "तुझ्या बाटल्यांना साबण नव्हता," ती म्हणाली. "दुधालाच तसा वास येतो काही जणींच्या, गोठवल्यावर. माझ्या लेकीच्याही येतो. मला माहीत नव्हतं. मी चुकले. तुझं दूध चांगलं होतं."

नळ वाहत होता. कँटीनवाली त्याच्याकडे बघत राहिली.

"चांगलं होतं?"

"हो."

"त्याला चाललं असतं?"

"चाललं असतं."

"सगळं टाकलंत?"

"सगळं."

मला राहवलं नाही. मी मध्ये पडले. "डॉक्टर म्हणतात, त्यामुळेच बाळ गेलं असं काही सांगता येत नाही..."

कँटीनवालीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला नंतर मुलगी झाली," ती नाकताईला म्हणाली. "चोळी भिजायची माझी. पण एक थेंब पाजला नाही तिला. पावडरवर वाढवली. माझ्या अंगातच साबण मुरलाय, असं सासूबाई म्हणायच्या. मलाही ते पटलं होतं."

नाकताई रडायला लागली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं, बाळ गेलं त्या दिवशीही नाही. कँटीनवालीने तिला जवळ घेतलं नाही, पाणीही विचारलं नाही. आणि का विचारावं? तिने नळ बंद केला, पदर खोचला आणि म्हणाली, "घरी चला."

"आत्ता?"

"आत्ता. सासूबाईंना थोडं ऐकू येतंय अजून, तोवर चला."

घर दोन खोल्यांचं होतं. भांडी फळीवर पालथी लावलेली, घासून घासून कडा पातळ झालेल्या. सासू पलंगावर, आता अगदी मुठीएवढी झालेली. नवरा रात्रपाळीचा होता, नुकताच उठून दाराशी चहा पीत होता. मुलगी शाळेतून यायची होती. कँटीनवालीने आम्हाला बसा म्हटलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "सांगा," ती म्हणाली.

नाकताई पलंगाजवळ वाकली आणि म्हाताऱ्या कानाशी मोठ्याने सांगू लागली. बाटल्या स्वच्छ होत्या. साबण नव्हता. दूध चांगलं होतं, मी ओळखलं नाही, मी टाकलं. सासूने काही कळल्याचं दाखवलं नाही, नुसती चादरीची कड चाचपत राहिली. नवऱ्याने कप खाली ठेवला. "आता सांगून काय उपयोग?" तो म्हणाला.

"परत सांगा," दारातून आवाज आला.

नाकताईने परत सांगितलं. या वेळी नवऱ्याकडे तोंड करून. त्याने मान खाली घातली. बाहेर गल्लीत कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळी नाकताई दाराकडे वळली. "बाटल्या स्वच्छ होत्या," ती म्हणाली.

कँटीनवाली भिंतीला घसटत खाली बसली. तिने आपले हात समोर धरले, उलटे सुलटे करून बघितले, आणि नवऱ्याला, अगदी हळू, समजूत घालावी तसं म्हणाली, "मी म्हणत होते ना तुम्हाला, मी धुतल्या होत्या."